‘आमच्या घराण्यातच आहे’

आजोळी कुणाचं लिव्हर बिघडलं की एक वाक्य हमखास यायचं: ‘आमच्या घराण्यातच आहे ते.’ थोरले मामा सत्तेचाळिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेले. आठ वर्षांनी मधले मामा. सोनोग्राफीत गाठ दिसली तेव्हा ती मुठीपेक्षा मोठी झाली होती, त्यानंतर जेमतेम पाच महिने मिळाले. दोघांनीही दारूला कधी हात लावला नव्हता. तरी गावात व्हायची ती कुजबुज झालीच, आणि तिला उत्तर म्हणून घरच्यांनी घराणं पुढे केलं. व्यसनाचा ठपका लागण्यापेक्षा नशिबाचा बरा. रक्तातच आहे म्हटलं की कुणाची चूक उरत नाही आणि कुणाला काही करावंही लागत नाही.

2006 साली मामेभाऊ मस्कतच्या नोकरीसाठी मुंबईला गल्फचं मेडिकल करायला गेला आणि ‘अनफिट’ होऊन परत आला. एचबीएसएजी रिॲक्टिव्ह, म्हणजे हेपटायटिस बीचा विषाणू अंगात, आपल्या भाषेत पांढरी कावीळ. ही बातमीही एजंटाने फोनवर सांगितली. कोकणातल्या बऱ्याच घरांची या आजाराशी पहिली ओळख अशीच झाली असणार. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी सगळ्या घराला रांगेत बसवून रक्त घेतलं. आजी पॉझिटिव्ह. वय चौऱ्याहत्तर, आणि डोळे पिवळे झाल्याचंसुद्धा तिला कधी आठवत नव्हतं. माझी आई पॉझिटिव्ह. मी निगेटिव्ह. धाकट्या मावशीचा रिपोर्ट मात्र डॉक्टरांनी दोनदा वाचला. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण ‘अँटी एचबी कोअर’ पॉझिटिव्ह. म्हणजे विषाणू तिच्याही अंगात येऊन गेला होता. तिच्या शरीराने कधीतरी, कुणाला पत्ता लागू न देता, त्याला हाकलून लावलं होतं.

एक आई, एक चूल, एक विषाणू. दोन भाऊ गेले, एक बहीण जन्माची वाहक, दुसरी साफ मोकळी. मावशी तेव्हा म्हणाली होती, ‘माझ्यातच काय वेगळं आहे गो?’

हा प्रश्न खरा आहे आणि विज्ञानाकडे त्याचं बरंचसं उत्तरही आहे. त्या उत्तरात प्रतिकारयंत्रणेच्या जनुकांचा वाटा मोठा आहे. पण मला भीती वाटते ती हे उत्तर आपल्याकडे वापरलं कसं जाईल याची. ‘घराण्यातच आहे’ या जुन्या वाक्याला आता डीएनएचा शिक्का मिळेल आणि आपण पुन्हा हात जोडून बसू. माझं म्हणणं असं की यकृताच्या बाबतीत घराण्यातून आधी विषाणू येतो आणि जनुकांचं काम त्यानंतर सुरू होतं. सरकारचा पैसा आणि आपलं लक्ष याच क्रमाने जायला हवं. आज तो क्रम उलटा होण्याची चिन्हं दिसतात.

मी गेली एकोणीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेडिग्रीचा भाग आला की फळ्यावर माझ्याच आजोळची वंशावळ काढते, अर्थात नावं न घालता. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजार असेल तर आतून रंगवायचा. आजीचा गोल रंगवलेला. खाली चार मुलं, त्यातली तीन रंगवलेली. त्याखाली मामेभाऊ, तोही रंगवलेला. सांगा, आनुवंशिकतेचा कोणता प्रकार? पहिल्या बाकावरून उत्तर येतं, ‘ऑटोसोमल डॉमिनंट, मॅडम!’ म्हणजे आई किंवा बापाकडून आलेलं एकच जनुक पुरे, असा प्रकार. आकडे जुळतात, तर्क चोख असतो, आणि उत्तर साफ चूक असतं. कारण आजीकडून मुलांकडे गेलं ते जनुक नव्हतंच. बाळंतपणात, आणि मग एका घरात वाढताना खरचटलेल्या ढोपरांतून, सामाईक वस्तऱ्यातून, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातून विषाणू गेला. ‘रक्तातच आहे’ हे आजोळचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, फक्त त्यांना अभिप्रेत होतं ते हे रक्त नव्हे.

मुलं ओशाळतात. मी त्यांना सांगते, असं चुकलेल्या माणसाला पुढे नोबेल मिळालंय.

बरूक ब्लमबर्ग हे अमेरिकी संशोधक विषाणू शोधायला निघालेलेच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत वंशपरंपरेने फरक असतात आणि त्यामुळे एकाला आजार धरतो, दुसऱ्याला धरत नाही, हा त्यांचा विषय. 1963 मध्ये एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णाला अनेकदा रक्त दिलं गेलं होतं, त्याच्या रक्तद्रवाशी हे प्रथिन जुळून येत होतं. त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असं नाव पडलं. अमेरिकेत ते क्वचित दिसे, आशिया-आफ्रिकेत पुष्कळांत, आणि एकेका कुटुंबात मिळून आढळे. फिलिपिन्समधल्या सेबूच्या कुटुंबांवरून त्यांच्या गटाने हा गुण ऑटोसोमल रिसेसिव्ह, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून जनुक आलं तरच दिसणारा, असावा असा अंदाजही मांडला. डाउन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जादा) असलेल्यांत ते जास्त दिसलं तेव्हा जनुकाची बाजू आणखीच पक्की वाटली. मग 1966 मध्ये डाउन सिंड्रोमचा एक रुग्ण, आधीच्या तपासणीत निगेटिव्ह आलेला, पुन्हा रक्त घेतलं तर पॉझिटिव्ह निघाला. जनुक काही मधूनच उगवत नाही. पाहिलं तर त्याच्या यकृतालाही सूज आली होती. वंशाचा गुण म्हणून ज्याच्यामागे इतकी वर्षं घालवली, तो हेपटायटिस बीच्या विषाणूच्या बाहेरच्या कवचाचा तुकडा होता. मामेभावाच्या रिपोर्टवरचं एचबीएसएजी म्हणजे हेच. 1976 मध्ये ब्लमबर्ग यांना नोबेल मिळालं. 28 जुलै हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक हेपटायटिस दिन म्हणून पाळतात, आणि आपला राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमही 2018 मध्ये त्याच तारखेला सुरू झाला.

या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि मला तेच जास्त आवडतं. डाउन सिंड्रोम असलेल्यांत हे अँटिजेन जास्त का होतं? एक तर त्या काळी त्यांना मोठ्या संस्थांत दाटीवाटीने ठेवत, म्हणजे संसर्गाला मोकळं रान. दुसरं असं की त्यांची प्रतिकारयंत्रणा विषाणूला पुरतं हुसकावू शकत नसे, आणि हे गुणसूत्रातल्या फरकामुळेच. म्हणजे ब्लमबर्ग चुकले तेही अर्धेच. जनुक पाहुण्याला बोलावत नाही, पण आलेल्या पाहुण्याचा मुक्काम किती दिवसांचा हे ठरवण्यात त्याचा हात असतो.

हा हात बऱ्याचदा सहाव्या गुणसूत्रावर सापडतो, एचएलए नावाच्या जनुकांच्या वस्तीत. बाजार समितीत बंद पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर धान्य बाहेर काढतात आणि तळहातावरचा तो नमुना पाहून व्यापारी आतल्या मालाची परीक्षा करतो. शरीरातली पेशी म्हणजे असं बंद पोतं. आत विषाणू शिरलाय हे गस्त घालणाऱ्या टी पेशींना कळावं कसं? तर एचएलएचे रेणू आतल्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून धरतात. ते म्हणजे तो तळहात. त्यातले डीपी, डीक्यू, डीआर हे रेणू खास पेशींनी गिळलेल्या परक्या मालाचे नमुने दाखवतात. हा तळहात प्रत्येकाचा निराळा. कुणाच्या खोबणीत विषाणूचा एखादा तुकडा अचूक बसतो, कुणाच्या खोबणीतून तोच निसटतो. या जनुकांचे तीस हजारांहून अधिक नमुने आजवर नोंदले गेलेत. माणसाच्या सगळ्या जनुकांत इतकी विविधता दुसरीकडे नाही. साहजिक आहे. एकाच प्रकारचा तळहात सगळ्यांना असता तर त्याला चकवणारा एक विषाणू आख्खं गाव घेऊन गेला असता.

1995 मध्ये गॅम्बियात दिसलं की डीआरबी1 जनुकाचा एक विशिष्ट नमुना असलेले लोक हेपटायटिस बीचा विषाणू अधिक प्रमाणात बाहेर टाकतात. 2009 मध्ये जपानी आणि थाई लोकांच्या अभ्यासात डीपीच्या जनुकांतले काही फरक जुनाट संसर्गाची शक्यता जवळपास निम्म्यावर आणतात असं आढळलं. 2011 मध्ये जपानमध्येच हेपटायटिस सी (यकृताचाच, पण वेगळा विषाणू) असलेल्यांपैकी कर्करोग कुणाला होतो हे पाहताना मायका या जनुकाजवळचा फरक हाती लागला. त्रासात सापडलेली पेशी ‘मला मारा’ अशी जी खूण बाहेर लावते, तिच्याशी या जनुकाचा संबंध आहे. यादी पुष्कळ लांबवता येईल, पण यादीपेक्षा मापं महत्त्वाची.

निम्मी, दीडपट, दुप्पट. बहुतेक फरकांचा प्रभाव या मापाचा आहे. आता दुसरं माप पाहा. तैवानमध्ये पामर बीसली यांच्या गटाने 22,707 पुरुषांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. 1981 मध्ये निष्कर्ष छापले तेव्हा त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाचे 41 रुग्ण झाले होते आणि त्यातले 40 हेपटायटिस बीचे वाहक होते. वाहकाची जोखीम वाहक नसलेल्याच्या 223 पट. एका पारड्यात दुप्पट, दुसऱ्यात सव्वादोनशे पट. तराजू हातात असताना कुठल्या पारड्याकडे बघायचं, हे सांगायला तज्ज्ञ लागू नये.

शिवाय वय. जन्मताना संसर्ग झाला तर दहापैकी नऊ बाळांत तो जन्मभर राहतो. धडधाकट मोठ्या माणसाला झाला तर शंभरातल्या पाचांतही राहत नाही. जनुकं तीच, यंत्रणा तीच, पण बाळाची यंत्रणा अजून आपलं-परकं शिकत असते आणि ती विषाणूलाही घरचाच समजते. म्हणून मावशीचं कोडं मी जनुकांवर सोडवून टाकत नाही. कदाचित तिचा तळहात खरंच भाग्याचा असेल. कदाचित तिला विषाणू भावांसारखा जन्मताच न लागता पाच-सात वर्षांची झाल्यावर लागला असेल. एका माणसाच्या रिपोर्टवरून या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. हजारो माणसांचा अभ्यास जे सांगतो ते हजारोंबद्दल खरं असतं. मावशीबद्दल ते एक शक्यता सांगतं, बस.

‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाचाही इथे जरा समाचार घेतला पाहिजे. आपल्याकडे ती बँकेतल्या ठेवीसारखी मानतात, जितकी जास्त तितकी बरी. हेपटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीला थेट मारत नाही. मारते ती आपलीच यंत्रणा, विषाणू बसलेल्या पेशींवर हल्ला करून. हल्ला झटपट आणि पुरता झाला तर माणूस मोकळा होतो. तो अर्धवट होत राहिला, तीस-तीस वर्षं चालला, तर पेशी मरतात, नव्या येतात, व्रण साठतो, सिरोसिस होतो, आणि या सततच्या पेशीविभाजनात कधीतरी गाठ धरते. विषाणूचा डीएनए आपल्या डीएनएत घुसून बसतो हे वेगळंच. म्हणजे मारक असते ती धुमसत राहिलेली लढाई. आणि यकृत बिघडलेली माणसं काय करतात, तर प्रतिकारशक्तीचे काढे पितात. करोनाच्या काळात गुळवेलीचा रतीब घराघरांत सुरू होता. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इजेचं स्वरूप शरीर आपल्याच यकृतावर उलटल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. वाद काहीही असो, ज्याच्या यकृतात आधीच लढाई चालू आहे त्याने यंत्रणेला डिवचणारं काही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, एवढं तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

जनुकांचं दुधारीपण आयर्लंडच्या एका दुर्दैवी प्रकरणात फार स्वच्छ दिसतं. 1977-78 मध्ये तिथे आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या बाळंतिणींना दुसऱ्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेलं जे अँटी-डीचं इंजेक्शन देतात, त्याच्या काही बॅचेस हेपटायटिस सीने दूषित निघाल्या. हे उघड झालं 1994 मध्ये. तपासणीसाठी 62,667 स्त्रिया पुढे आल्या. त्यातल्या 704 जणींना संसर्ग झाल्याच्या खुणा सापडल्या, पण विषाणू अंगात शिल्लक होता 390 जणींच्या. बाकीच्यांनी, म्हणजे जवळपास पंचेचाळीस टक्के जणींनी, काही औषध नसताना तो घालवला होता. उगम एकच, साधारण एकाच वयाच्या तरुण बायका, एकाच देशातल्या. कुठल्याही संशोधकाने मुद्दाम करू नये असा प्रयोग नकळत होऊन बसला होता. पुढे त्यांची एचएलए तपासली तेव्हा विषाणू घालवणाऱ्यांत बी27 हा नमुना अधिक आढळला. हे नाव वाचून काही वाचक दचकतील. पाठ आखडते, सकाळी उठवत नाही, म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांनी जी ‘एचएलए बी27’ची चाचणी सांगितलेली असते, तो हाच बी27. पाठीच्या कण्याला जो छळतो तो हेपटायटिस सीला पिटाळतो. आता हा जनुक चांगला की वाईट? हा प्रश्नच चुकीचा आहे. गोऱ्या-काळ्या रंगासारखी ‘उत्तम’ आणि ‘हलकी’ जनुकं अशी वाटणी करायला जे बसलेत, त्यांना हे एक उदाहरण पुरावं.

जनुक चाचणीचा पुरस्कार करणारे एक रास्त मुद्दा मांडतात. चाचणीमुळे उपचार कुणाला लागू पडेल ते आधी कळतं आणि पैसा वाचतो. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण हेपटायटिस सीचंच आहे. 2009 मध्ये एकोणिसाव्या गुणसूत्रावर, आयएल28बी या जनुकाशेजारी, एक फरक सापडला. तो अनुकूल असेल तर विषाणू आपोआप जाण्याची शक्यता वाढते आणि इंटरफेरॉनच्या उपचाराला यश येण्याची शक्यता दुपटीच्या घरात जाते. पूर्व आशियात अनुकूल फरक बहुतेकांत, आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना उपचार कमी लागू पडतो या कोड्यातला निम्मा भाग एका अक्षराच्या या फरकाने उलगडला. शोध देखणाच होता. इंटरफेरॉन म्हणजे दर आठवड्याला इंजेक्शन, वर्षभर, अंगात सतत कणकण, कुणाला नैराश्य. इतकं सोसायचं तर फळ मिळेल का हे आधी जाणून घ्यावंसं वाटणारच. चाचणी बाजारातही आली.

आणि मग 2013 च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविर मंजूर झालं. हेपटायटिस सीवरची पोटात घ्यायची गोळी, जोडीला दुसरं औषध, बहुतेकांना बारा आठवडे, आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक बरे. अनुकूल-प्रतिकूल फरकाला जवळपास काही अर्थच उरला नाही. अमेरिकेत एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि इथे ती आवाक्यात आली. पंजाब सरकारने 2016 मध्ये हेपटायटिस सीच्या रुग्णांना फुकट औषध द्यायला सुरुवात केली. पहिल्या 48 हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात बरे होणारे नव्वद टक्क्यांच्या वर. त्यांच्यातल्या कुणाला औषध देण्यापूर्वी तुझं जनुक काय म्हणून विचारलं नव्हतं. औषध कमकुवत होतं तोवर माणसांची निवड करावी लागत होती. चांगलं औषध स्वस्त झाल्यावर निवडीची गरज संपली. आरोग्याचा पैसा कुठे घालावा यावर याहून स्पष्ट धडा मला माहीत नाही.

तरीही बाजार उलट्या दिशेने चाललाय. थुंकी पाठवा आणि आयुष्याच्या आजारांची यादी मिळवा, अशा जाहिराती आता मराठीतही येतात. एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नाआधी असा रिपोर्ट मागवला. पत्रिका जुळत होतीच, आता डीएनएची कुंडलीही जुळवायची. रिपोर्टमध्ये यकृतापुढे नारिंगी पट्टी होती, ‘मध्यम जोखीम’. मी विचारलं, हेपटायटिस बीची रक्ततपासणी केलीत का दोघांची? नाही केली. ती तपासणी गावातल्या कुठल्याही लॅबमध्ये होते, पट्टीवरच्या रंगापेक्षा कितीतरी पक्कं सांगते, आणि पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्याला लस देऊन प्रश्न मिटतो. लग्न मोडायचं कारण नाही. पण लोकांना जनुकाचा रिपोर्ट मिरवायला चालतो आणि विषाणूचा लपवावासा वाटतो. जनुक म्हणजे नशीब, विषाणू म्हणजे लफडं, असा आपला हिशेब.

या हिशेबाची किंमत मामेभावाने मोजली. मस्कत गेलंच. पुढे इथल्या एका नोकरीतही वैद्यकीय तपासणीनंतर ‘कळवतो’ म्हणाले आणि कळवलंच नाही. एचआयव्ही असलेल्यांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा 2017 मध्ये झाला, हेपटायटिसच्या वाहकांसाठी तसा काही नाही. जनुकांच्या बाबतीतही तेच. अमेरिकेने 2008 मध्येच नोकरी आणि आरोग्यविम्यात जनुकांवरून भेदभाव करायला बंदी घातली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये जनुकीय आजार विम्यातून सरसकट वगळणारं कलम भेदभावाचं ठरवलं, पण स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. चाचण्यांचा बाजार आधी आणि कायदा नंतर, हे आपल्या सवयीचंच आहे. पण इथे जोखीम वेगळी आहे. आपल्याकडे लग्नं जातीत होतात, त्यामुळे जनुकांचे फरक जातवार दिसणारच. उद्या कुणी ‘अमक्या समाजात यकृताचा कर्करोग जास्त’ असा मथळा छापला की त्यामागे विषाणू किती, सुई किती, दारिद्र्य किती हे कोण विचारेल?

सुई मी उगाच म्हणत नाही. 2009 मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात, हेपटायटिस बीची साथ आली आणि अनेक माणसं दगावली. तपासात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज समोर आल्या. तिथे कुणाचं एचएलए काय होतं, यावर एक उत्तम शोधनिबंध होऊ शकेल. तो वाचून एकही सुई मात्र बदलणार नाही.

म्हणून मी जनुकांच्या संशोधनाविरुद्ध आहे असं कुणी समजू नये. उलट ते इथे व्हावं, आणि आपल्या माणसांवर व्हावं, असं माझं म्हणणं आहे. आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं जपान, चीन आणि युरोपातून आलंय. जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. त्यातून आपल्या एचएलएचा नकाशा निघेल. त्याचा उपयोग कुठे होईल हेही दिसतंय. लस घेतलेल्या मोठ्या माणसांपैकी पाच ते दहा टक्क्यांत पुरेशी प्रतिपिंडं तयार होत नाहीत आणि त्यामागे एचएलएच्या ठराविक नमुन्यांचा वाटा आहे. रोज सुया हाताळणाऱ्या नर्सच्या दृष्टीने ही बारीकसारीक गोष्ट नाही. वाहकांपैकी कुणावर अधिक बारकाईने लक्ष ठेवायचं हेही एक दिवस यातून ठरवता येईल. आज माझ्या आईला इतर वाहकांसारखीच दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. भाऊ कर्करोगाने गेला या इतिहासामुळे तर ती चुकवून चालणारच नाही. उद्या एखादा भरवशाचा जनुकीय अंदाज मिळाला तर ती आनंदाने वर्षातून एकदाच जाईल.

पण ‘उद्या’च्या आधी आज येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार भारतात 2 कोटी 98 लाख लोकांना हेपटायटिस बी आणि 55 लाखांना सी आहे. त्यातल्या बहुतेकांना माहीतच नाही. त्यांना कळावं यासाठी जीनोम वाचावा लागत नाही, बोटाला टोचून पट्टीवर थेंब टाकला की पुरे. राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत. नोंद झालेल्या वाहकाच्या भावंडांना आणि मुलांना बोलावून घेणं, हे काम आशाताई आणि तालुक्याचा दवाखाना करू शकतात. आमच्या घरात ते घडलं ते एका डॉक्टरांच्या आग्रहामुळे. तो आग्रह सरकारी नियम व्हायला हवा.

आणि बाळं. हेपटायटिस बीची लस आपल्या सरकारी लसीकरणात 2002 च्या सुमारास काही शहरांत आणि जिल्ह्यांत आली. देशभर पोचली 2011 मध्ये. आज बारावीच्या वर्गात माझ्यासमोर बसणारी मुलं जन्मली तेव्हा ती सगळीकडे नव्हती. पहिला डोस जन्मानंतर 24 तासांत द्यायचा असतो, कारण आईकडून आलेला विषाणू मुक्काम ठोकायच्या आत लसीने यंत्रणेला जागं करायचं असतं. दीड महिन्यानंतरच्या पेंटाव्हॅलंटने, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीने, हे साधत नाही. महाराष्ट्रात शंभरातली चौऱ्याण्णवहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणजे बाळ पहिला दिवस तिथेच असतं. तरी डोस चुकतो. कधी रविवार असतो, कधी बाळाचं वजन कमी म्हणून थांबतात, कधी दहा डोसांची कुपी एकट्या बाळासाठी फोडायची का म्हणून. उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर चार आठवडे वापरता येते, असं सरकारचंच धोरण आहे. ते कपाटाची किल्ली जिच्याकडे असते त्या सिस्टरपर्यंत पोचायला हवं.

तैवानने हेच 1984 च्या जुलैत सुरू केलं, आधी वाहक आयांच्या बाळांसाठी आणि दोन वर्षांत सगळ्यांसाठी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतलं यकृताच्या कर्करोगाचं वार्षिक प्रमाण लाखामागे 0.70 होतं, ते 1990-94 मध्ये 0.36 वर आलं. दहा-बारा वर्षांत कुठल्याही देशाची जनुकं बदलत नाहीत.

गेल्या मे महिन्यात गावी गेले होते. मावशी आता अडुसष्ट वर्षांची आहे, ठणठणीत. ओटीवर आंबे निवडत बसली होती. मी तिला सांगितलं की जे विषाणू घालवून बसलेत अशांचं रक्त संशोधकांना हवं असतं, तुझ्यासारख्यांचं. कुणी मागितलं तर देशील का? तिने एक डागाळलेला आंबा बाजूला काढला.

‘देईन की,’ म्हणाली. ‘मला पण कळू दे माझ्यात काय ते. पण तू आधी मला सांग, जावेच्या सुनेला आठवा लागलाय, तिची ती तपासणी कुणी केली का?’

केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघी तालुक्याला गेलो.